भांडेगल्लीचा अध्यक्ष

१२ जून

आज मी अध्यक्ष झालो. कसा झालो ते मलाच नीट कळलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

भांडेगल्ली व्यापारी मंडळाची सभा मारुतीच्या देवळात होती. उकाडा मरणाचा. मी पाणी प्यायला बाहेर नळाशी गेलो, दोन ओंजळी प्यायलो, थोडं तोंडावर मारलं आणि परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं कोणाचा तरी सत्कार आहे, म्हणून मीही वाजवल्या. मग कळलं की सत्कार माझाच. अध्यक्ष म्हणून झुलालनानांचं नाव एकमतानं मंजूर.

नको म्हणायला तोंड उघडलं तोवर प्रेमराजभाऊंनी गळ्यात हार घातला होता. प्रेमराजभाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक, आणि निवडणूक लागली की पुन्हा उभे राहणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, भेटला की वाकून पाया पडतो. म्हणाले, गल्लीला तुमच्यासारखा वडीलधारा माणूस हवा. माझं वय अठ्ठावन्न. वडीलधारा हा शब्द जरा खटकला, पण हार गळ्यात असताना भांडता येत नाही.

घरी सुनंदाला सांगितलं. हिचा पहिला प्रश्न, "अध्यक्षाला काम काय असतं?" हार कुठे टांगायचा ते नाही विचारलं. मी म्हणालो, कळेल हळूहळू. ही डायरी बँकेनं जानेवारीत दिली होती, कोरीच पडून होती. अध्यक्षानं लिहून ठेवलेलं बरं.

१५ जून

भाऊंनी घरी बोलावलं. चहा, बिस्किटं, आणि भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा. म्हणाले, नाना, अजिंठ्याची लेणी बघायला जगभरातून लोक येतात, आपल्या जळगाव स्टेशनावर उतरतात, गाडीत बसतात आणि निघून जातात. आपल्या गावात चहासुद्धा पीत नाहीत. त्यांना फक्त दोन तास थांबवायचं. भांडेगल्लीचा 'खान्देश चव पथ' करायचा. खाली फरशी, वर जुन्या घाटाचे दिवे, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या, बसायला बाक, आणि खाण्यापिण्याचे चौदा स्टॉल. लोक भरीत खातील, मांडे खातील आणि जाताना तुमच्या दुकानातून पितळी तांब्या घेऊन जातील.

खोटं कशाला लिहू, तांब्याचं ऐकून मला बरं वाटलं. गेली सहा-सात वर्षं दुपारभर दुकानात माशा मारतोय. लग्नाची भांडी घ्यायला लोक मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत जातात, आणि बाकीचं मोबाईलवरून घरपोच येतं. आमच्या गल्लीत फक्त पत्ता चुकलेला माणूस येतो. कोणीतरी काहीतरी करतंय हेच किती झालं. पण मी नेमकं काय करायचं हे विचारायचं राहून गेलं.

२४ जून

नाशिकहून नूतन मॅडम आल्या होत्या. या योजनेच्या सरकारी समितीनं आराखडा काढायला नेमलेल्या. पोरसवदा मुलगी, डोक्याला रुमाल बांधून भर उन्हात टेप धरून गल्ली मोजत होती. तिचे प्रश्न ऐकून मला हसूच येत होतं. इथे कोण बसतं, कधीपासून बसतं, पाऊस आला की कुठे सरकतं, पाणी कुठून भरतं. मी म्हणालो, मॅडम, तुम्हाला फरशी बसवायची आहे की सोयरीक जुळवायची आहे?

माझ्या दुकानाच्या ओट्यावर डाव्या अंगाला भिकुबाई बसते, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिचंही तिनं सगळं लिहून घेतलं. मी सांगितलं, एकतीस वर्षं झाली. अक्काचा नवरा पितांबर याच ओट्यावर भांड्यांना कल्हई लावायचा, ती शेजारी चुलीवर खापर पालथं घालून मांडे करायची. अकरा वर्षांपूर्वी पितांबर गेला. मुलगा नाही. एक मुलगी, दिपमाला, ती धुळ्याला देवपुरात दिलेली. अक्का एकटी, मागच्या बोळात एका खोलीत राहते. माहेर धुळ्याकडचं, म्हणून एकतीस वर्षं जळगावात काढून बोली अजून तीच अहिराणी, 'आहे'ला शे आणि 'सगळा'ला बठ्ठा.

मॅडमना अक्कानं मांडा करून दाखवला. पुरण भरलेला उंडा हातावर घेतला, थापटला, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवला आणि खापरावर टाकला. मॅडम तोंड उघडं टाकून बघत होती. आम्हाला रोजचंच, त्यात बघण्यासारखं काय हे मला समजलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे तर तिचेच. मांडा होईपर्यंत उभे राहतात आणि उभ्या उभ्या एखादी कढई घेतात.

२ जुलै

आज डोक्याला ताप. सकाळी भाऊंचा फोन, नाना, गल्लीतल्या पिढीजात व्यापाऱ्यांची यादी संध्याकाळपर्यंत द्या, अध्यक्षांच्या सहीशिक्क्यानं. प्रत्येक जुन्या घराला एक स्टॉल मिळणार. आता पिढीजात कोण आणि नवा कोण हे मी कसं ठरवू? घरोघर फिरलो असतो तर प्रत्येकानं भावाचं, साडूचं नाव घुसवलं असतं आणि वर्षभराची भांडणं लागली असती.

मग एकदम सुचलं. कानबाईची वही!

आमच्याकडे खान्देशात कानबाई ही देवी घरोघर भाऊबंदांत बसवतात. पण आमची गल्ली बारा गावच्या लोकांची, इथे कोण कोणाचा भाऊबंद? म्हणून आजोबांच्या काळापासून गल्लीची एक सामाईक कानबाई आहे. श्रावणात बसते. रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू पुरुषांच्या नावानं घ्यायचा, माणशी सव्वा मूठ. ज्याचं नाव वहीत, त्याच्या नावाचा रोट. वही पिढ्यानपिढ्या आमच्या घरी आहे. याच्याहून पक्की यादी कुठली असणार? तेरा घरं निघाली. सुवाच्य अक्षरात उतरवली, सही केली, मंडळाचा नवा शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला म्हणून पुन्हा एक मारला.

भाऊ म्हणाले, नाना, असा वाद नसलेला अध्यक्ष मी आजवर पाहिला नाही. मलाही तसंच वाटलं.

३ ऑगस्ट

कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, चौरंगाभोवती केळीचे खांब, सगळं साग्रसंगीत. रोट नेहमीप्रमाणे भिकुबाईनंच केले. पहाटेपासून चुलीसमोर होती, उठलीच नाही. तेरा घरांचा गहू म्हणजे काही थोडं काम नाही.

दुपारी सुनंदानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ती स्टॉलची यादी तुम्ही कशावरून केली? सांगितलं. तर म्हणते, "वहीत बायकांची नावं असतात का?"

मी म्हणालो, बायकांची नावं वहीत कशी असतील? कानबाई बायकांचीच तर असते. बोलून गेलो आणि माझंच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वही काढली. पितांबरचं नाव होतं, त्यावर आडवी रेघ. रेघ माझ्याच पेनाची. तो गेला त्या वर्षी मी मारलेली, घरात पुरुष उरला नाही म्हणून. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. अक्काही बोलली नव्हती, तिनं त्या वर्षीही रोट केले होते.

म्हणजे एकतीस वर्षं ओट्यावर बसणारी बाई यादीत नाही. आता आली का पंचाईत.

५ ऑगस्ट

भाऊंकडे गेलो. तासभर बाहेर बसलो. म्हणालो, यादीत एक नाव राहिलं. भाऊंनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, यादी वर गेली, नाना. आता अध्यक्षच म्हणाले की माझी यादी चुकली, तर उद्या दहा जण उभे राहतील आणि प्रत्येक जण म्हणेल माझंही राहिलं. मग योजनाच बारगळेल. तसा चौदावा स्टॉल मोकळा आहे. बघू.

बघू म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. मोठी माणसं हो असं थेट म्हणत नसतात, हे मला या वयात कळतं. मी निर्धास्त झालो. मग घरी येईपर्यंत तो निर्धास्तपणा उतरला. काय ते कळत नाही.

२१ ऑगस्ट

आज सभेत मोठा बाका प्रसंग आला होता, पण मी निभावून नेला. निदान तेव्हा तरी तसं वाटलं.

देवळात सगळी गल्ली जमलेली. समितीचे साहेब, भाऊ, नूतन मॅडम समोर खुर्च्यांवर, मी त्यांच्या शेजारी. भिकुबाई बायकांत मागे खांबाला टेकून बसलेली. मी यादी वाचली. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? तेवढ्यात ती मॅडम आपले कागद उलटेपालटे करत म्हणाली, "अध्यक्ष, तुमच्या ओट्यावर मांडे करतात त्या आजी यात दिसत नाहीत. ओटे तर तुटणार आहेत. त्या कुठे बसणार?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. भाऊ जमिनीकडे बघत होते. हो, माझी चूक झाली, असं म्हणायला चार शब्द लागतात. ते चार शब्द जिभेवर आलेही होते, देवाशपथ. पण समोर तेरा घरं बसलेली, आणि भाऊंनी सांगितलेलं ते दहा जणांचं मला आठवलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, अक्का काही परकी नाही. ती आमचीच आहे. तिचं आम्ही घरातल्या घरात बघू. घरच्या माणसाला कागद लागत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. मॅडमनं काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर अक्कानं मला गाठलं. "झुलालभाऊ, यादीमा मन्हं नाव शे का?" मी म्हणालो, अक्का, यादीचं काय घेऊन बसलात, तुम्ही आमच्या घरच्या. ती वाकून चपला शोधू लागली. मग म्हणाली, "नाही ना? मंग ऱ्हाऊ द्या." आणि चपला घालून गेली. तिला पटलं असावं. घरचं म्हटल्यावर कोणालाही बरंच वाटतं.

सुनंदानं आज माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय.

११ सप्टेंबर

गणपती बुडाले आणि तिसऱ्या दिवशी ओटे फुटले. आधी माझाच फोडला. अध्यक्षानं सुरुवात करून द्यावी असा भाऊंचा आग्रह. नारळ मी फोडला, पुढचं मशीननं. वडिलांनी शहाबादी फरशा घालून केलेला ओटा दहा मिनिटांत मातीत. डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी आत जाऊन बसलो.

काम चालू आहे तोवर अक्कानं खोलीपुढे चूल मांडली आहे. जाणारायेणाराला दिसत नाही, पण माहीतगार शोधत जातात.

१९ सप्टेंबर

धुराची तक्रार झाली. घरमालकानं अक्काची चूल बंद केली. मी त्याला म्हणालो, अरे थोडे दिवस कळ काढ, तिचं सगळं व्हायचं आहे. तो म्हणाला, काय व्हायचं आहे? मी म्हणालो, बघू. बोलल्यावर लक्षात आलं की हा शब्द भाऊंचा.

भाऊंना फोन केला. दौऱ्यावर आहेत.

सुनंदा म्हणाली, आपल्या दुकानात मागची बाजू रिकामी आहे, तिथे बसवा तिला. मी म्हणालो, नव्या पाट्या, नवा रंग, आणि आतून धूर निघतोय, कसं दिसेल? अध्यक्षाच्याच दुकानातून? ती म्हणाली, बरं. हिचं बरं मला कधीच कळलेलं नाही.

१७ ऑक्टोबर

आज मात्र मन भरून आलं. देवळाशेजारच्या बोडक्या भिंतीवर चित्र पूर्ण झालं. बारा फूट उंच भिकुबाई! नूतन मॅडमनं जूनमध्ये काढलेल्या फोटोवरून चितारलंय. हात कोपरापर्यंत पसरलेले, त्यावर मांडा, मागे चूल. चितारी कुठला तरी बाहेरचा, त्यानं अक्काला वीस वर्षांनी लहान केलंय, नाकात नथ आणि अंगावर हिरवी पैठणी घातलीय, पण हात हुबेहूब. भाऊ म्हणाले, नाना, ही आपल्या पथाची ओळख.

मी स्वतः अक्काला बोलावून आणलं. म्हटलं, बघा, तुमचं कुठे काय राहिलं होतं? आख्ख्या जळगावात कोणाचं एवढं चित्र नाही. तिनं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. पदरानं मान पुसली. म्हणाली, "बाई चांगली शे." आणि परत फिरली. आनंदानं माणूस कधी कधी असं तुटक बोलतो.

२८ नोव्हेंबर

निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल, म्हणून परवा उद्घाटन. धावपळ विचारू नका. पाट्या लागल्या. माझ्या दुकानावर 'झुलाल भांडी भांडार' इतकं बारीक लिहिलंय की चष्म्याशिवाय मलाच दिसत नाही, पण सगळ्यांचं सारखं आहे.

स्टॉलही उभे राहिले. बघत बघत शेवटी गेलो. चौदाव्यावर मोमोज! नशिराबादचा कोणी मुलगा आहे, भाऊंच्या मेहुण्याचा भाचा की पुतण्या. मोमोज म्हणजे वाफवलेल्या करंज्या, गोड नसलेल्या. मी भाऊंना विचारलं, हा आपल्या अक्काचा ना? भाऊ चकित होऊन म्हणाले, "नाना, तुम्हीच तर साहेबांसमोर सांगितलंत, त्यांना कागद लागत नाही म्हणून."

मी म्हणालो होतो, खरं आहे. भर सभेत म्हणालो होतो. माझ्या शब्दाला एवढं वजन असेल असं मला कुठे माहीत होतं?

मग भाऊ म्हणाले, उद्घाटनाला मात्र त्या पाहिजेतच. चित्राखाली चूल बांधली आहे, मंत्रीसाहेबांपुढे प्रात्यक्षिक करतील. एकदा मोठ्या लोकांनी पाहिलं की सगळं मार्गी लागेल. मीही अक्काला तेच सांगितलं. ती म्हणाली, येईन.

३० नोव्हेंबर

काय लिहू. उद्घाटन झोकात झालं. फुगे, ढोल, मंत्रीसाहेब, कॅमेरे. मला स्टेजवर तिसरी खुर्ची. भाषणात भाऊंनी माझं नाव दोनदा घेतलं.

भाषणं संपल्यावर सगळे चित्राकडे वळले. अक्का आली होती, तिच्या रोजच्याच जांभळ्या लुगड्यात, पिशवीत घरून मळून आणलेली कणीक, पुरणाचा डबा. चुलीपुढे बसली. सरपण मागू लागली. मी धावत जाऊन तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणतो, काका, ही चूल पेटवायची नाही. ती सिमेंटची आहे, वरून रंग दिलाय, आणि खापर तिला चिकटवलेलं आहे. धुरानं चित्र खराब होईल. नुसता फोटो काढायचाय.

अक्काला सांगायला मी वाकलो तोवर मंत्रीसाहेब समोर येऊन उभे राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खुणावलं, करा, करा. तिनं उंडा केला, पुरण भरलं, हातावर घेतला. मोठा करत करत कोपरापर्यंत आणला. अगदी चित्रातल्यासारखा. खटाखट कॅमेरे. मंत्री म्हणाले, वा. सगळे म्हणाले, वा. आणि मग सगळे तेरा स्टॉल बघत बघत मोमोजकडे निघून गेले.

अक्का तशीच बसलेली, दोन्ही हात पुढे, हातांवर मांडा. टाकायला विस्तव नाही. तो पातळ मांडा लोंबायला लागला, एका बाजूनं फाटला. मला जायचं होतं तिच्याजवळ, पण भाऊ हात धरून ओढत होते, साहेबांसोबत फोटो म्हणून. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तिनं तो गोळा केला, घडी घातल्यासारखा दुमडला आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. फोटो झाल्यावर गेलो तर नव्हती. जेवणही घेतलं नाही. एवढं श्रीखंड-पुरीचं जेवण ठेवलं होतं.

मला आज फार वाईट वाटतंय. का, ते नीट सांगता येत नाही. सगळं तर व्यवस्थित झालं.

४ डिसेंबर

अक्काच्या खोलीला कुलूप. घरमालक म्हणाला, मुलगी येऊन घेऊन गेली, धुळ्याला. खापरं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती म्हणे. मला न सांगता गेली. एवढी घरची माणसं आम्ही, आणि सांगितलं नाही. मला रागच आला. सुनंदाला म्हणालो, तर ती म्हणाली, मला सांगितलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही बघू म्हणाला असता.

२२ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीचे पर्यटक यायला लागले. खरंच येतात, भाऊ खोटं बोलले नव्हते. आज दोन गाड्या, नागपूरकडची मंडळी. चित्रापुढे उभं राहून हात पसरून फोटो काढले. मग त्यातल्या बाई दुकानात आल्या. मला वाटलं तांब्या घेतील. त्यांनी विचारलं, या आजी कुठे बसतात?

मी म्हणालो, बाहेरगावी गेल्या आहेत. त्यांनी विचारलं, मग मांडे कोण करतं? मी म्हणालो, चौदा नंबरला मोमोज चांगले मिळतात. असं मी का म्हणालो, मला कळत नाही. त्या हसल्या आणि गाडीत बसून अजिंठ्याला निघून गेल्या. अर्धा तासही थांबल्या नाहीत. आज असं तिसऱ्यांदा झालं.

१९ जानेवारी

बँकेनं या वर्षी डायरी दिली नाही. जुन्याच डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

भाऊ निवडून आले. गुलालानं नवी फरशी लाल झाली, अजून निघत नाही. आज स्वतः दुकानात आले. मोमोजवाला गाशा गुंडाळून पळाला. उरलेल्या तेरा स्टॉलपैकी आठ बंद, मालकांना दुकान सांभाळून जमत नाही. भाऊ म्हणाले, नाना, लोक त्या भिंतीवरच्या बाईलाच विचारतात. तिला परत आणा. आणि कागदच पुढे केला. चौदा नंबर, भिकुबाई पितांबर, सही, शिक्का, सगळं. चूल पेटवायचीही परवानगी.

बघा, भाऊंनी शब्द पाळला! उशीर झाला, पण पाळला. मी सुनंदाला कागद दाखवला. तिनं दोनदा वाचला. म्हणाली, "हे नाव जुलैत लिहायला किती वेळ लागला असता?" मी म्हणालो, मागचं उकरून काय फायदा. उद्याच धुळ्याला जातो.

२० जानेवारी

सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरलो. पत्ता विचारायची वेळच आली नाही. कॉलेजच्या रस्त्याला लांबूनच धूर दिसला, आणि धुराखाली रांग. वीस-पंचवीस माणसं तर नक्की. रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या, धुळ्याच्या, नाशिकच्या, मालेगावच्या. दोन गाड्या आपल्या जळगावच्या! म्हणजे आमची माणसं इथे मांडे खायला येतात. मला बोलून दाखवलं कोणी नाही.

वर एक ताडपत्री, खाली तीन चुली. दिपमाला उंडे करून देत होती आणि अक्का दोन्ही हातांनी मांडे टाकत होती. पाटी नाही, बाक नाही, फरशी नाही. कोणी तक्रारही करत नव्हतं. मी सरळ पुढे जाणार होतो, पण लोक ओरडले, काका, रांगेत या. म्हणून रांगेत उभा राहिलो. खिशात तो कागद. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. अक्का, चला, तुमचं काम झालं. असं म्हणायचं ठरवलं होतं.

ती प्रत्येकाला विचारत होती, कुठून आलात. कोणी शिरपूर सांगे, कोणी साक्री. मग एक-दोन शब्द त्या गावाबद्दल, आणि पानावर मांडा. माझा नंबर आला. मी हसलो. तिनं वर पाहिलं, सरळ माझ्या तोंडाकडे. म्हणाली, "कथाईन उनात, भाऊ?"

मला वाटलं गंमत करते आहे. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. मी आपलं म्हणालो, जळगावहून.

"जळगाव," ती म्हणाली. मांडा खापरावर टाकला, कडेनं सोडवला. "तथं देखासारखं काय शे?"

मी अध्यक्ष आहे. सात महिने हेच तर करतोय, लोकांनी काय बघायला यावं ते. फरशी आहे, दिवे आहेत, बारा फुटांचं चित्र आहे. एवढं सांगायचं सोडून मी पानासाठी हात पुढे केला. तिनं पानावर मांडा घातला, वर तूप सोडलं, माझ्या हातात दिलं. मागचा माणूस म्हणाला, काका, सरका की पुढे. मी सरकलो.

बाजूला उभा राहून खाल्लं. कागद काढायचा होता, पण हात तुपाचे झाले होते. नंतर रांग आणखी वाढली. दिपमाला एकदा माझ्याकडे बघून पुन्हा उंडे करायला लागली. दुपारची बस धरून परत आलो.

घरी सुनंदानं विचारलं, भेटल्या का. मी म्हणालो, भेटली, पण ओळखलं नाही गं मला. एकतीस वर्षांची ओळख, आणि कुठून आलात विचारते. वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार. दिपमालाला सांगून डॉक्टरला दाखवायला पाहिजे. सुनंदा मेथी निवडत होती. तिनं विचारलं, मांडा कसा होता?

मी म्हणालो, काय सांगू, इतका पातळ की खालच्या केळीच्या पानाच्या शिरा दिसत होत्या. कुठे फाटलेला नाही, कुठे जळलेला नाही.

"मग डोळे चांगले आहेत त्यांचे," ती म्हणाली, आणि मेथी धुवायला उठून गेली.